पाणी लाल होतं ते नेमकं कुठे?

"भाऊ, बोअरचं पाणी लाल येऊन राह्यलं, प्यावं का नाही?" विदर्भातल्या कुठल्याही गावात हा प्रश्न कधी ना कधी कानावर येतो. उत्तरंही ठरलेली असतात. कोणी म्हणतं मोटर काढून पाहा, कोणी म्हणतं बोअर खराब झाली, नवी मारा, कोणी आरओचं मशीन विकायला दारात उभं राहतं. यातलं प्रत्येक उत्तर कुठल्यातरी घरासाठी बरोबर असू शकतं. पण त्याआधी एक गोष्ट शोधावी लागते. रंग तयार कुठे होतोय? जमिनीत, पाइपात की टाकीत? ते न पाहता केलेला खर्च बहुतेक वेळा वाया जातो, आणि शेतीवर चालणाऱ्या घराला असा खर्च दोनदा झेपत नाही.

पाण्याला तांबूस-पिवळा रंग येतो तो बहुतेक वेळा लोहामुळे. पाण्यात लोह दोन रूपांत असतं. एक रूप पाण्यात पूर्ण विरघळतं आणि आपल्याला दिसण्याजोगा रंग त्याला नसतो. दुसरं विरघळत नाही, त्याचे बारीक तांबूस कण होतात. पहिल्याचं दुसरं करतो तो हवेतला ऑक्सिजन. पाऊस जमिनीत मुरतो तेव्हा त्याच्यासोबत ऑक्सिजनही खाली जातो, पण मातीतले जीवाणू आणि कुजणारा पालापाचोळा वाटेतच तो संपवतात. खोल भेगांमध्ये साठलेल्या अशा पाण्यात खडकातलं लोह विरघळत राहतं. मोटर सुरू केली की ते नितळच वर येतं. बादलीत पडून हवा लागली, की चिरलेलं वांगं उघड्यावर काळं पडत जातं तसं ते हळूहळू पिवळं पडतं, आणि सकाळी पाण्याच्या गुंडाच्या तळाशी तांबडा गाळ बसलेला असतो. मातीच्या भिंतीला लावतात त्या गेरूचा रंगसुद्धा लोहाच्या ऑक्साइडचाच.

हा बदल किती वेळात होतो ते पाण्याच्या सामूवर (पीएच), म्हणजे आम्लतेच्या मापावर ठरतं; सामू जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल. सामू ७ च्या वर असेल तर काही मिनिटांत रंग दिसू लागतो. साडेसहाच्या खाली असेल तर तासन्‌तास लागतात, कारण सामू एका अंकाने वाढला की बदलाचा वेग जवळपास शंभरपट होतो. म्हणून एका गावात पाणी नळातून पडता पडता लाल होतं, आणि शेजारच्या गावात रात्रभर ठेवल्यावर. लोह दोन्हीकडे सारखंही असू शकतं.

अनेकांना वाटतं की लोहाच्या खाणी जवळ असतील तिथलंच पाणी लाल. तसं नाही. गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिजाचे डोंगर आहेत, हे खरं. पण अकोला, बुलडाणा, वाशीम, अमरावती आणि यवतमाळचा मोठा भाग ज्या काळ्या पाषाणावर बसला आहे, त्या बेसॉल्टमध्येही वजनाच्या आठ-दहा टक्के लोह असतं. लोह सगळीकडेच आहे. ते पाण्यात उतरतं की खडकात राहतं, हे तिथल्या पाण्यात ऑक्सिजन आहे की नाही यावर ठरतं. म्हणूनच उघड्या विहिरीचं पाणी स्वच्छ आणि तिच्यापासून पन्नास पावलांवरच्या खोल बोअरचं लाल, असं होऊ शकतं. विहिरीत हवा खेळते, बोअरच्या तळाशी ती पोचत नाही.

आता तपासणी. दोन सारख्या, रंग नसलेल्या काचेच्या बाटल्या घ्या. पहाटे, रात्रभर कोणी हापसलेलं किंवा नळ उघडलेला नसताना, पहिलं पाणी एका बाटलीत भरा. मग पाणी चांगलं वाहू द्या आणि दुसरी भरा. दोन्ही पांढऱ्या कागदासमोर धरून पाहा, दिवसभर ठेवा, संध्याकाळी पुन्हा पाहा.

दोन्ही बाटल्या भरताना स्वच्छ होत्या आणि संध्याकाळी दोन्ही पिवळ्या पडल्या, तर लोह जमिनीतूनच विरघळून येतंय. पाइप बदलून काही होणार नाही. पहिली बाटली भरतानाच लाल आणि दुसरी स्वच्छ, शिवाय दिवसभर स्वच्छच राहिली, तर जमिनीतलं पाणी चांगलं आहे आणि गंज तुमच्या पाइपाचा आहे. हा फरक फार महत्त्वाचा आहे. पाइप गंजलेला म्हणून चांगल्या पाण्याची हापशी गावाने सोडून दिली, तर बायकांच्या डोक्यावर दूरच्या विहिरीवरून आणायचं पाणी वाढतं. दोन्ही बाटल्या भरतानाच गढूळ असतील, तर बोअरमधून माती येतेय, किंवा टाकीत साठलेला गाळ ढवळला जातोय, किंवा खाली लोह-जीवाणूंनी बस्तान मांडलंय. अशा वेळी टाकीच्या आधी, थेट बोअरच्या तोंडाशी पाणी घेऊन पुन्हा पाहायचं.

पाणी किती वाहू द्यायचं याचा हिशेब करता येतो. आपल्याकडच्या बहुतेक हापशा इंडिया मार्क २ जातीच्या आहेत. त्यांचा उभा पाइप साधारण ३२ मिलिमीटर व्यासाचा, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, म्हणजे जीआयचा असतो. तीस मीटर पाइपात जवळपास २४ लिटर पाणी मावतं. हापशी नीट चालत असेल तर मिनिटाला चाळीस वेळा हापसल्यावर सुमारे १२ लिटर पाणी येतं. म्हणजे दोन मिनिटं हापसल्यावर पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी निघून जातं आणि त्यानंतरचं जमिनीतलं येतं. पहिलं पाणी फेकायचं कारण नाही, ते जनावरांच्या हौदात जाऊ द्या.

पाण्याचा सामू साडेसहाच्या खाली असेल, तर पाइपावरचं जस्त आधी झिजतं आणि मग लोखंड गंजू लागतं. अशा ठिकाणी दरवेळी तसाच नवा जीआय पाइप टाकणं म्हणजे तोच गंज पुन्हा विकत घेणं. प्लॅस्टिकचा किंवा स्टेनलेस स्टीलचा पाइप महाग पडला तरी टिकतो. पंचायतीच्या बैठकीत हा मुद्दा पाण्याच्या तपासणीचा कागद पुढे ठेवून मांडावा.

गावच्या नळयोजनेत आणखी एक गोष्ट घडते. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. दिवसाआड येतं, उन्हाळ्यात कुठे चार दिवसांनी, कुठे आठ दिवसांनी. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि आत हवा शिरते. ओलं लोखंड आणि हवा, गंजाला एवढंच लागतं. पुढच्या पाळीला पाणी जोरात आलं की तो गंज सुटून नळाला येतो. म्हणून पाळीच्या दिवशीचं पहिलं पाणी लाल दिसतं. हेच लोखंड सतत पाण्याने भरलेलं आणि हवेपासून दूर राहिलं, तर फार सावकाश गंजतं.

याचा उत्तम पुरावा थंड देशांतल्या घरांत सापडतो. तिकडे फरशीखाली प्लॅस्टिकच्या नळ्यांचं जाळं टाकून त्यातून कोमट पाणी फिरवतात, त्याने खोली ऊबदार राहते. तेच पाणी वर्षानुवर्षं बंद चक्रात फिरत असतं. सुरुवातीला त्यात असलेला ऑक्सिजन पंपाच्या आणि बॉयलरच्या लोखंडावर खर्च होतो आणि मग गंजणं जवळपास थांबतं. पाणी बाहेर काढून पाहिलं तर ते काळपट असू शकतं, कारण ऑक्सिजन अपुरा असताना लोहाचं लाल ऑक्साइड न होता काळं मॅग्नेटाइट होतं, जे लोहचुंबकाला चिकटतं. पण त्या चक्रातलं पाणी लाल होत असेल किंवा गाळ वाढतच असेल, तर तिथले कारागीर आधी हवा कुठून शिरतेय ते शोधतात. कुठेतरी गळती असते आणि वारंवार ताजं पाणी भरलं जातं, किंवा नळी अशा प्लॅस्टिकची असते की तिच्या भिंतीतूनच ऑक्सिजन झिरपतो. म्हणून चांगल्या नळ्यांना ऑक्सिजन अडवणारा खास थर दिलेला असतो.

आपल्याकडे फरशी तापवायची कोणाला गरज नाही, ती एप्रिलमध्ये आपोआप तापते. पण असंच बंद चक्र दारातल्या ट्रॅक्टरमध्ये आहे. रेडिएटरमधलं पाणी तांबूस झालं की समजावं, आतलं लोखंड खाल्लं जातंय. आणि तिथंही पहिला प्रश्न हाच, पाणी वारंवार का भरावं लागतंय? दरवेळी ओतलेलं बोअरचं पाणी सोबत नवा ऑक्सिजन आणि नवे क्षार आत नेतं. कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट भरायचं ते याचसाठी, त्यात गंज रोखणारी रसायनं असतात. इंजिन तापलेलं असताना मात्र रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि अंगावर उसळतं.

घरावर सोलर हीटर असेल आणि फक्त गरम पाण्याच्या नळाला लाल पाणी येत असेल, तर बोअरला दोष देऊ नका. गंज हीटरच्या टाकीत आहे. बऱ्याच टाक्यांमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते, ती स्वतः झिजते आणि टाकी वाचवते. ती संपली की टाकीची पाळी येते. कांडी वेळेत बदलली तर स्वस्तात भागतं.

लोह-जीवाणूंचं प्रकरण वेगळं आहे. हे जीवाणू विरघळलेल्या लोहावर जगतात आणि मागे तांबूस, बुळबुळीत थर सोडतात. तो टाकीच्या भिंतीला आणि फ्लशच्या डब्याला दिसतो, पंपाच्या ओढपाइपाच्या तळाशी असलेल्या फुटव्हॉल्व्हच्या जाळीवर तर हमखास. साठलेल्या पाण्यावर कधी तेलासारखा रंगीत तवंग येतो आणि लोक घाबरतात, कोणी बोअरमध्ये डिझेल सांडलं का म्हणून. काडीने तो तवंग हलवून पाहा. तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर जीवाणूंचा, पुन्हा एक झाला तर खरंच तेलाचा. हे जीवाणू आजार करत नाहीत, पण पाइप चोंदवतात आणि पाण्याला वास आणतात. एकदा क्लोरीन टाकून ते कायमचे जात नाहीत. बोअरची वेळोवेळी साफसफाई करावी लागते.

बाकीचे रंग थोडक्यात. काळे डाग पडत असतील तर मँगनीज असू शकतं. भंडाऱ्यात तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे त्याच्या खाणीच आहेत, पण खाण नसलेल्या भागातही ते पाण्यात येतं. लोहापेक्षा ते फार सावकाश रंग दाखवतं. नळाचं पाणी दुधासारखं पांढरं येऊन मिनिटभरात खालून वर स्वच्छ होत गेलं, तर ती नुसती हवा आहे. हिरवटपणा बहुधा टाकीत ऊन शिरून धरलेल्या शेवाळाचा असतो. निळसर-हिरवे डाग तांब्याचे.

आता खऱ्या काळजीचं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००, त्याची सध्याची आवृत्ती २०१२ ची. त्यात लोहाची मर्यादा आधी लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम होती, २०१५ च्या दुरुस्तीने ती १ मिलिग्रॅम झाली. ०.३ च्या वर गेलं की कपड्यांवर डाग आणि तोंडाला लोखंडी चव जाणवू लागते. अशा पाण्याचा कोरा चहा जांभळट काळा पडतो, कारण चहातल्या टॅनिनशी लोहाची क्रिया होते. भात पिवळट दिसतो. पण एवढ्या लोहाने निरोगी माणूस आजारी पडत नाही. लोहाचा खरा उपद्रव आडून होतो. ते क्लोरीन खातं.

टाकीत टाकायच्या ब्लिचिंग पावडरची, म्हणजे टीसीएलची, प्रचलित मात्रा हजार लिटरला ५ ग्रॅम. पावडर ताजी असेल तर तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. म्हणजे लिटरमागे पडतं १.६५ मिलिग्रॅम. विरघळलेलं लोह दर मिलिग्रॅममागे सुमारे ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन संपवतं. पाण्यात ३ मिलिग्रॅम लोह असेल तर १.९ मिलिग्रॅम क्लोरीन त्यातच जातं, जंतू मारायला काही उरतच नाही. गावाला वाटतं पाणी शुद्ध केलं, पंचायतीच्या नोंदवहीत पावडर टाकल्याचं लिहिलेलंही असतं, आणि शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीन शून्य. मानकानुसार तिथे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. म्हणून लाल पाण्याच्या गावात जलसुरक्षकाने, म्हणजे पाण्याची देखरेख करणाऱ्या गावच्या माणसाने, ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते पाहायची) टाकीजवळच्या नळावर करून थांबू नये. ती शेवटच्या घरात व्हायलाच हवी, आणि गावाने ती मागायला हवी.

दुसरी काळजी पावसाची. लोहाचा लालपणा उन्हाळ्या-पावसाळ्यात थोडाफार कमी-जास्त होतो, पण असतो बाराही महिने. जोराचा पाऊस झाला आणि एरवी स्वच्छ असलेलं बोअरचं पाणी दुसऱ्याच दिवशी मातकट आलं, तर वरचं पाणी थेट आत शिरतंय. ओट्याला तडा गेलेला असतो, केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात घातलेला पाइप, मुरमाच्या थरापर्यंतच घातलेलं असतं, किंवा शेजारी उकिरडा आणि सांडपाण्याचं डबकं असतं. ज्या वाटेने माती आली त्याच वाटेने जुलाबाचे आणि काविळीचे जंतू येतात. असं पाणी उकळल्याशिवाय कोणालाही देऊ नका, लहान मुलांना तर नाहीच. नळयोजनेतही बंद असलेल्या पाइपात बाहेरचं पाणी ओढलं जाऊ शकतं, विशेषतः पाइप नालीतून गेलेला असेल तर. त्यामुळे पाळीच्या पहिल्या लाल पाण्यात नुसता गंजच असेल असं धरून चालू नये.

आणि तिसरी, जिला रंगच नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या बोअरमध्ये फ्लोराइड जास्त आहे. ते पाणी दिसायला स्वच्छ, चवीला बरं. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि वडीलधाऱ्यांची आखडलेली हाडं, तेव्हा कुठे ते कळतं. मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. नायट्रेटही असंच, रंग नाही, वास नाही, मर्यादा ४५ मिलिग्रॅम. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं मीठ निदान जिभेला कळतं, या दोघांचा तर तोही आधार नाही. म्हणून लाल बोअर सोडून नितळ बोअरकडे वळण्याआधी नितळ बोअरचं पाणी तपासून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लोह गाळून काढता येतं. फ्लोराइड काढणं घरच्या घरी तितकं सोपं नाही.

लोह काढायचं कसं? हवा देऊन आणि वाळूतून गाळून. एक मिलिग्रॅम लोहाला ०.१४ मिलिग्रॅम ऑक्सिजन पुरतो आणि हवेशी खेळलेल्या पाण्यात तो त्याच्या कितीतरी पट असतो. बोअरचं पाणी टाकीत सरळ सोडण्याऐवजी भोकं पाडलेल्या पाइपातून किंवा पत्र्यातून उंचावरून तुषार पाडत सोडा, काही तास थांबू द्या, मग खडी आणि दीड-दोन फूट धुतलेल्या वाळूच्या थरातून गाळा. वाळूचा वरचा भाग लाल होऊन पाणी सावकाश उतरू लागलं की वाळू धुवायची. सामू कमी असेल तर थांबायचा वेळ वाढवावा लागतो. क्लोरीन गाळल्यानंतर टाकायचं, आधी टाकलं तर लोहच ते खाऊन टाकेल. तुरटीने विरघळलेलं लोह खाली बसत नाही, हवा देऊन कण झाल्यावर मात्र तिची मदत होते. लोहाच्या पाण्याला सरळ आरओ बसवला तर पडदा लवकर चोंदतो. आधी लोह काढा, मग क्षार किंवा फ्लोराइडसाठी गरज असेल तर आरओचा विचार करा.

गाळ किती साठतो याचा अंदाज असू द्या. लिटरमागे ३ मिलिग्रॅम लोह असलेल्या पाण्याने ५०० लिटरची टाकी रोज भरली, तर वर्षाला अर्ध्या किलोहून जास्त लोह येतं, आणि सुकलेल्या गाळाच्या रूपात ते जवळपास किलोभर भरतं. टाकी दिवाळीलाच धुवायची हा हिशेब अशा घरात चालत नाही.

पांढऱ्या कपड्यांवरचे तांबूस डाग ब्लिचिंगने काढायला जाऊ नका. क्लोरीनने ते आणखी पक्के होतात. लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी लावून थोडा वेळ ठेवा आणि धुवा. आणि ब्लिचिंग पावडर व शौचालय साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

पाणी तपासायला दूर जावं लागत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संचावर पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. आपल्या गावात त्या कोण आहेत ते आधी विचारा, संच कपाटात पडून असेल तर बाहेर काढायला लावा. सविस्तर तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत होते. नमुना देताना बाटली काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा ठेवू नका. पाणी काढलं तेव्हा स्वच्छ होतं की लाल, आणि किती वेळ वाहू दिल्यावर भरलं, हे बाटलीवरच लिहा. लोहासोबत सामू, फ्लोराइड आणि नायट्रेट तपासून मागा. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र घरची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणावी लागते आणि भरल्यावर थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावी लागते.